आरवली रस्त्यावरचं बंड्याचं दुकान: काय घ्यावं, काय घेऊ नये

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे निघालात की आरवली यायच्या थोडं आधी एका चिऱ्याच्या घराच्या पडवीत हे दुकान आहे. पाटी नाही. गडग्याच्या खांबावर लाकडाचा एक तपकिरी कुत्रा ठोकलाय, त्याच्या तोंडात निळ्या पट्ट्यांची स्लिपर. तीच पाटी. एसटीने येणार असाल तर कंडक्टरला "बंड्याकडे उतरव" म्हणा, तो घंटी मारतो. बंड्या हा मालकीणबाईंचा कुत्रा. आता तो नाही, पण पडवीत मांडलेली प्रत्येक वस्तू त्याच्यावरूनच निघालेली आहे. मालकीणबाईंचं नाव देत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. मी त्यांना वहिनी म्हणतो.

जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गाव 'डॉक्टर' म्हणतं, पण डॉक्टर साहेब वेगळे. ते सुई लिहून द्यायचे, मी टोचायचो. नोकरी गुरांत आणि शेळ्यांत गेली. कुत्री यायची ती रेबीजच्या लशीला, नाहीतर गोचिडांनी रक्त पिऊन हिरड्या पांढऱ्या पडल्या की. रंगसंगती, नक्षी यातलं मला विशेष कळत नाही, पण कुत्र्याचा सांधा कुठे वाकतो ते कळतं. तेव्हा हा अभिप्राय त्या बाजूने लिहिलाय असं समजा.

आधीच सांगून टाकतो: या दुकानात दोन बंड्या आहेत. एक वहिनींनी वर्षानुवर्षं पाहिलेला आणि एक नुसता छापलेला. पहिला महाग वाटला तरी घ्या. दुसरा फुकट दिला तरी विचार करा.

पहिल्यातला सगळ्यात चांगला म्हणजे चार चाकांच्या पाटावर बसलेला, दोरीने ओढायचा बंड्या. त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीचं दुकान समजायला तो समजावा लागतो.

बंड्या अस्सल गावठी. उभे कान, पाठीवर वळलेली शेपूट, आखूड केस, पोटाखाली पांढरा. असे कुत्रे किनाऱ्यावर वाडीवाडीत आहेत. फरक एवढाच की पिल्लू असताना त्याचा मागचा डावा पाय मोटारसायकलखाली आला. साहेबांनी कामट्या लावून बांधला, मी धरलं होतं. हाड जुळलं, पण तो पाय नंतर त्याला पोटाखाली घेता येईना. त्यामुळे बसायचा तो एका बाजूला कलून, डावा पाय लांब पसरून, गावचा खोत पडवीत बसावा तसा. रस्त्याने जाणारा माणूस लांबून ओळखायचा, हा बंड्या.

आता लाकडाकडे या. लेथवर लाकूड गरागरा फिरतं, म्हणून त्यातून निघतं ते गोलच. भोवरा, लाटणं, पाळण्याच्या दांड्या, भातुकली, ही सगळी गोल कामं. प्राणी करायचा तर गोल अंगाला चार सरळ पाय ठोकतात. कान बदलला की त्याच अंगाचा घोडा होतो, सोंड लावली की हत्ती. वहिनींचं माहेर सावंतवाडीचं. लग्नाआधी चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळणी बनवणाऱ्यांच्या आळीत, एका कारखान्यात त्या नगावर रंगकाम करायच्या, त्यामुळे ही मर्यादा त्यांना पाठ आहे. त्यांनी काय केलं, तर धड लेथवर खाली रुंद, वर निमुळतं काढून घेतलं, आणि मग तळ तिरका कापला. कापाला उतार डावीकडे. ते धड पाटावर ठेवलं की कुत्रा आपोआप कलतो. पसरलेला पाय वेगळा कोरून खुंटीने बसवलाय. खिळा नाही, डिंकही नावाला. एका तिरक्या कापात तो बंड्या झाला. मी खुब्याचा सांधा बोटाने चाचपून पाहिला. पाय जिथून निघायला हवा तिथूनच निघालाय. दुकानांतल्या साच्यातल्या कुत्र्यांचा मागचा पाय बरगडीतून निघतो, आणि ते कुणाला खटकत नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मी म्हटलं, सरळ बसवला असता तर निम्मं काम वाचलं असतं. वहिनी म्हणाल्या, "सरळ बसयलो तर तो दुसऱ्याचो कुत्रो जातलो, डॉक्टरानू."

धड लेथवर असतानाच लाख चढवलेली असते. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगाला बसते, मग केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. डोळे, नाक आणि पोटाखालचा पांढरा भाग ब्रशने. लेथचं काम वहिनी स्वतः करत नाहीत. सावंतवाडीचा एक कारागीर धडं काढून, लाख लावून देतो. कापणं, कोरणं, जोडणं आणि रंगवणं यांचं. हे त्या न विचारता सांगतात, हे मला आवडलं. हल्ली 'हातचं' म्हणून काय काय खपवतात ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको.

लाकूड शिवणीचं. पूर्वी सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची असायची. पांगारा हलका आणि कापायला मऊ, पण कीड लवकर धरतो. माझ्याकडचा बंड्या पावसाळाभर उघड्या पडवीत होता. आमच्याकडे जुलैत चामड्याचा पट्टा रात्रीत हिरवा होतो, पण याच्या लाखेला काही झालं नाही. चाकं मात्र फुगून आसाला घट्ट बसली, ती दिवाळीनंतर ऊन लागल्यावर सुटली. आसाला थोडं मेण लावा.

किंमत ६५० रुपये. मुंबईचं एक कुटुंब माझ्यासमोर ३०० ला मागत होतं. बाई म्हणत होत्या की ऑनलाइन एवढ्यात तीन येतात. येत असतील. वहिनींनी वाद घातला नाही, कुत्रा पुन्हा फळीवर ठेवला. लाकूड, कारागिराची मजुरी आणि लाख वजा केली तर त्यांच्या हाती जे उरतं ते दोन दिवसांच्या शेतमजुरीपेक्षा कमी आहे. हिशेब मी मागितला नव्हता, पण हिशेबाची वही गल्ल्याशेजारी उघडीच असते.

लहान मुलांसाठी घेणाऱ्यांना एक माहिती. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. वहिनींकडे कारागीर ओळखपत्र आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलंय, लग्नाच्या फोटोच्या वर. चिन्ह दिसलं नाही म्हणून हुज्जत घालू नका. तरी दोन वर्षांखालच्या बाळाच्या हातात देऊ नका. शेपटीचा तुकडा बारीक आहे आणि ते वयच सगळं तोंडात घालायचं.

दुसरी वस्तू म्हणजे गंजिफाच्या धर्तीवरच्या गोल चकत्या. या दुकानातली सगळ्यात देखणी चीज, आणि सगळ्यात फसवीही.

सावंतवाडीचा गंजिफा माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, लाखेची झिलई दिलेले. दशावतारी जोडात १२० पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं, म्हणजे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. ही कला विझत आली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलावंताला हाताशी धरून ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये पत्ते रंगवणारे हात बघायला मिळतात.

वहिनींनी यातला एकच रंग घेतला, म्हणजे बारा चकत्या. अवतारांना हात लावला नाही. आमच्याकडे दशावताराची थट्टा करणारा माणूस दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवू शकत नाही. त्यांचा राजा म्हणजे बंड्या, पडवीच्या पायरीवर, डावा पाय पसरून. प्रधान म्हणजे शेजारची मांजर. ती बंड्याच्या पाठीला पाठ लावून बसलीय, आणि तिच्या तोंडावरचा तो सरकारी भाव मी नोकरीत फार जवळून पाहिलाय. पुढे एक्क्यावर एक चप्पल, दुर्रीवर दोन, तिर्रीवर तीन, असं करत दश्शीवर दहा. बंड्याला चपला पळवायची खोड होती. चावायचा नाही, फाडायचा नाही, नुसत्या नेऊन फणसाखाली ओळीने ठेवायचा. वाडीतल्या लोकांना हरवलेली चप्पल कुठे शोधायची ते माहीत होतं.

त्या पंचावन्न चपलांतली एकही दुसरीसारखी नाही. शाळेचे काळे बूट आहेत, टाच झिजलेली कोल्हापुरी आहे, प्लास्टिकची पावसाळी आहे, एका बाजूने दाबलेली आहे, आणि अठ्ठीवरची तपकिरी सँडल माझी आहे. दवाखान्याच्या दारातून गेली होती. वहिनींनी बक्कल तुटलेलंच काढलंय.

आरवलीत वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. अशा ठिकाणी चपला पळवणारा कुत्रा घरात असणं वहिनींच्या सासूबाईंना मुळीच पसंत नव्हतं. त्यामुळे संचात देवळातली चप्पल एकही नाही, हे वहिनी प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात. खरं सांगायचं तर बंड्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जायचा. वर गेला नाही.

हे सगळं ठीक. पण संच विकला जातो तो चहाचा कप ठेवायच्या चकत्या म्हणून, आणि तिथे गाडी अडते. लाखेची झिलई उष्णता आणि ओल एकत्र सोसत नाही. गरम कप ठेवला की खाली पांढरं कडं उमटतं, ते जात नाही. आमच्या प्रधानाच्या कपाळावर तसं कडं आहे. वहिनींना दाखवलं तेव्हा त्यांनी दोन पर्याय दिले. लाखेचा संच २,४०० रुपयांना, तो भिंतीवर टांगा किंवा पत्त्यांसारखा खेळा. त्याच संचावर फर्निचरवाल्याकडून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचा, हात मारून हवा असेल तर ३०० रुपये जास्त. पीयूवर गरम कप चालतो, मी ठेवून पाहिला. पण लाखेच्या खाली रंग जसा खोल दिसतो तसा पीयूखाली दिसत नाही, वर काच ठेवल्यासारखा वाटतो. माझं मत: लाखेचाच घ्या आणि चहा स्टुलावर ठेवा. वहिनींनी हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं. चपलांच्या गोष्टीत रंगतात आणि कपाचं राहून जातं.

दत्तजयंतीच्या आधी चार छोट्या कुत्र्यांचा संच येतो, देवघरात दत्ताच्या मूर्तीपुढे ठेवायला. माणगाव, टेंबेस्वामींचं जन्मगाव, आमच्यापासून फार लांब नाही, आणि दत्तभक्त घराघरात आहेत. चारही बंड्याच, पण वेगवेगळ्या वयांचे: पिल्लू, तरणा, भारदस्त, आणि तोंडाभोवती पांढरा झालेला म्हातारा. चारही वेद एकाच वयाचे कशाला असतील, हा वहिनींचा प्रश्न. आमच्या घरी हा संच मंडळींनी घेतला आणि मला न विचारता म्हाताऱ्याला मूर्तीच्या सर्वांत जवळ ठेवलं. ४८० रुपये. डिसेंबरमध्ये शिल्लक राहत नाही, नोव्हेंबरातच सांगून ठेवा.

चिंध्यांचा कुत्रा ठीक आहे. जुन्या नऊवारीच्या कापडाचा, आत सावरीचा कापूस, डोळे बटणांऐवजी दोऱ्याने भरलेले, त्यामुळे पोर गिळेल ही भीती नाही. पसरलेला पाय इथेही आहे. पण सावर नीट पिंजलेली नसते, मधूनच सरकी बोटाला लागते, आणि धुतला की पोटात गोळे होतात. ४५० रुपये. नातवंडाला द्या, पण कोरडा ठेवा.

आता दुसरा बंड्या. पडवीच्या आतल्या भिंतीला एक कपाट आहे. त्यात मग, टीशर्ट, किल्लीची साखळी, फ्रिजला चिकटवायचे चुंबक. सगळ्यांवर तोच एक फोटो, जीभ बाहेर, समोरून काढलेला. छपाई बाहेरून करून आणलेली. कपाटावर वहिनींनी खडूने लिहिलंय, "हातचे नाही". हा प्रामाणिकपणा दुर्मीळ, पण त्याने माल सुधारत नाही. त्या फोटोतला कुत्रा कुणाचाही असू शकतो. कान उभे आहेत म्हणून गावठी म्हणायचं, एवढंच. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गोव्याकडून गाड्या येतात, त्यांना बॅगेत मावणारं आणि दोनशेच्या आतलं काहीतरी लागतं. हे कपाट त्यांच्यासाठी. घराचा वीजबिलाचा खर्च त्यावर निघतो असं वहिनी म्हणतात, तेव्हा मी गप्प बसतो.

काथ्याच्या पायपुसण्याबद्दल मात्र गप्प बसणार नाही. काथ्या चांगला आहे, विणकाम घट्ट, ते काम वेंगुर्ल्याच्या बायका करतात. पण मधोमध काळ्या रंगात बंड्याचं तोंड. ज्या कुत्र्यावर एवढा जीव लावला त्याच्या तोंडावर चिखलाचे पाय पुसायचे? वर रंगही पहिल्या पावसात उतरतो. वहिनींना म्हटलं तर उत्तर आलं, "गिरायकांका होया." असेल. साधं, चित्र नसलेलं पायपुसणंही तिथेच मिळतं, ते घ्या.

शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण बहुतेक वाचक त्याचसाठी येतील: तुमच्या कुत्र्याचा लाकडी पुतळा वहिनी करून देतात. १,५०० रुपयांपासून पुढे, निम्मे आगाऊ, निम्मे वस्तू तयार झाल्याचा फोटो बघितल्यावर. महिन्याला मोजकीच कामं घेतात. जून ते सप्टेंबर घेत नाहीत, कारण ओल्या हवेत लाकूड वाळत नाही आणि जोड नंतर उघडतात. गणपतीत दुकान बंद, तेव्हा फोनही करू नका. भजनाला गेलेल्या असतात.

माझी मुलगी ठाण्यात राहते, तिच्याकडे लॅब्राडोर आहे. तिने मोबाइलमधले फोटो पाठवले, सगळे तोंडाचे, त्यातल्या अर्ध्यांत डोक्यावर वाढदिवसाची टोपी. जो पुतळा आला तो व्यवस्थित होता आणि तिचा नव्हता. रंग बरोबर, कान बरोबर, पण अशी पाच हजार लॅब्राडोर ठाण्यात सापडतील. वहिनींनी तो स्वतःहून परत मागवला, पैसे न घेता. फोनवर मुलीला म्हणाल्या, "बाय, तोंडा सगळी सारखीच. तो बसता कसो, चलता कसो, ता दाखव." मग व्हिडिओ गेला. दारात कुणी आलं की पुढचे पंजे जुळवून आणि मागचा भाग वर ठेवून वाकणारा तिचा कुत्रा, खेळायला बोलावतो तसा. दुसऱ्या वेळी आला तो तसाच वाकलेला. शेपूट डावीकडे वळलेली, कारण व्हिडिओत ती डावीकडेच जास्त जाते, हे मुलीलाही माहीत नव्हतं.

तो पोहोचला तेव्हा शेपूट मुळातून तुटलेली होती. दोष कुरियरचा, खोक्यावर काहीतरी जड ठेवलेलं असणार, एक कोपरा चेपला होता. वहिनींचं पॅकिंग उत्तम असतं, भाताचा पेंढा आणि वर्तमानपत्र. कुरियर कंपनीने भरपाईचा फॉर्म दिला आणि नंतर काही कळवलं नाही. वहिनींनी नवी शेपूट आणि खुंटी पाकिटातून टपालाने पाठवली, सोबत चिठ्ठी की खुंटीला फेव्हिकॉल कमी, उलट्या दिशेने फिरवून बसवा. जावयाने बसवली. तेव्हापासून वहिनी शेपूट वेगळी गुंडाळून पाठवतात. मुळात सुटी शेपूट देणं हाच बरा उपाय आहे आणि तो त्यांनी आधीच करायला हवा होता, असं माझं मत. त्यांचं मत असं की शेपटीशिवायचा कुत्रा खोक्यातून बाहेर निघाला तर उघडणाऱ्याला धस्स होतं. त्यांचंही खरं.

पैसे यूपीआयने चालतात, पण पडवीत रेंज नसते, फणसाखाली जाऊन स्कॅन करावं लागतं. दुपारी एक ते चार वहिनी जेवून आडव्या होतात, हाक मारू नका, गडग्यावर थांबा. सध्या घरात नवीन कुत्री आहे, काळी, लस टोचलेली. भुंकते पण काही करत नाही. तिच्यावरून अजून एकही वस्तू केलेली नाही. विचारलं तर वहिनी म्हणतात, अजून तिची ओळख व्हायचीय.

पुतळा करून घेणार असाल तर तीन व्हिडिओ पाठवा: बसतानाचा, चालतानाचा आणि तुम्ही घरी आल्यावरचा. कॅमेरा कुत्र्याच्या खांद्याइतका खाली धरा, उभं राहून वरून काढलात तर पाय आखूड दिसतात. टोपी, गॉगल, स्वेटर काहीही घालू नका. आणि शेपूट पूर्ण दिसू दे, टोकापर्यंत.